एक चमचा कमी

टौरंगाच्या इस्पितळात सरला गोठोसकर हे नाव चोवीस वर्षं जरा दबकूनच घेतलं जायचं. सरलाताई ऑपरेशन थिएटरमधल्या नर्स. मिरजेला शिकल्या, तिथेच चौदा वर्षं काम केलं आणि मग नवरा, दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन न्यूझीलंडला आल्या. काम तेच राहिलं. ऑपरेशनच्या आधी हत्यारं मांडायची, मोजायची, मागितली की डॉक्टरांच्या हातात द्यायची आणि टाके घालण्याआधी परत मोजायची. आधी जेवढी होती तेवढीच नंतर भरली पाहिजेत. एखादा चिमटा किंवा कापसाचा बोळा कमी भरला तर सरलाताई म्हणायच्या, "काउंट चुकलाय," आणि मग थिएटरमधून कोणी हलायचं नाही. एकदा एका नामवंत सर्जनना त्यांनी चाळीस मिनिटं तसंच उभं ठेवलं होतं. हरवलेला बोळा अखेर त्यांच्याच बुटाच्या तळाला चिकटलेला निघाला. त्या दिवसापासून कॉरिडॉरमध्ये सरलाताई दिसल्या की ते सर्जन आधी एक पाय उचलून तळवा दाखवायचे, मग गुड मॉर्निंग म्हणायचे.

अशी कडक बाई. पण एक गोष्ट इस्पितळात कोणालाच कळली नाही. सरलाताई मास्कच्या आत जीभ काढायच्या. सर्जन उगाच खेकसला की काढायच्या, भूल देणारा डॉक्टर आपल्या नव्या बोटीबद्दल सांगायला लागला की काढायच्या. वर डोळे मात्र अगदी शांत. मिरज धरून अडतीस वर्षांची सवय ती. पासष्टाव्या वर्षी सरलाताई निवृत्त झाल्या, मास्क सुटला, सवय राहिली. बँकेत जीभ बाहेर आली, लायब्ररीत आली, आणि मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत अध्यक्षांचं प्रास्ताविक पंचविसाव्या मिनिटाला पोचलं तेव्हाही आली, तीही पहिल्या रांगेतून. त्यांचे यजमान प्रकाशराव किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये आयुष्य काढलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्या रात्री गाडी चालवताना ते एवढंच म्हणाले, की हिने आता काहीतरी उद्योग शोधावा, नाहीतर आपल्याला गाव बदलावं लागेल.

उद्योग आपणहून चालत आला. दर बुधवारी सरलाताई एका ऑप-शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, सेवा म्हणून जायच्या. कपबशांचं कपाट त्यांच्या ताब्यात. दुकान उघडायच्या आधीपासून एक मुलगी काचेला नाक लावून उभी असायची. आत आली की तडक कपबशांकडे जायची आणि एकेक बशी उलटी करून बुडाचा शिक्का वाचायची. तीन बुधवार सरलाताईंनी बघून घेतलं. चौथ्या बुधवारी त्यांनी कपाटातल्या झाडून सगळ्या बश्या आधीच उलट्या मांडून ठेवल्या. मुलगी आली, बघत राहिली, आणि हसायचं सोडून तिने मनापासून आभार मानले. म्हणाली, वेळ वाचला.

ही सानिका. नाशिकची, डिझाइन शिकायला आली आणि इथेच राहिली. वय एकतीस. विकायला काढलेली घरं ती सजवून द्यायची. रिकाम्या घरात आपले सोफे, दिवे, गालिचे नेऊन मांडायचे, शनिवार-रविवारी लोक घर बघायला येऊन गेले की काही आठवड्यांनी सगळं परत आणायचं. पण तिचा जीव होता तो टेबलावरच्या भांड्यांत, आणि तीही फक्त नॉर्डिक. डेन्मार्कचे पांढरे कप, त्यांवर ब्रशने काढलेली बारीक निळी वेल. फिनलंडचे काचेचे पेले, वितळायला लागलेल्या बर्फासारखे खरखरीत. सागवानी मुठींच्या सुऱ्या. आणि नॉर्वेचा पिवळा इनॅमलचा वाडगा, त्यावर पांढऱ्या कमळाच्या पाकळ्या. सागवान आपल्याकडचं, हे सरलाताईंना पटलं. नॉर्वेवाल्यांनी कमळ कुठे पाहिलं, हे मात्र त्यांना कळेना. सानिकाने समजावलं, की ही भांडी साठ-सत्तर वर्षांपूर्वी रोजच्या वापरासाठी केलेली आहेत, म्हणून साधी आहेत आणि म्हणूनच देखणी आहेत. सांगताना ती इतकी गंभीर झाली, की सरलाताईंना जीभ आवरायला ओठ चावावे लागले. पण पोरगी त्यांना आवडली. त्यांनी एक कप कागदात गुंडाळून दिला. तो त्यांनी कसा गुंडाळला ते बघून सानिकाने उभ्या उभ्या विचारलं, शनिवारी सकाळी मोकळ्या असता का. तिची मदतनीस गेल्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाला निघून गेली होती.

पहिल्या शनिवारी सानिका पडदे लावून खाली आली तर टेबल तयार. कापडाला कडक इस्त्री. सहा बश्या एका रेषेत. सहा सुऱ्या, सहा चमचे, सगळ्यांच्या मुठी उजवीकडे, आणि दोन वस्तूंमध्ये नेमकं दोन बोटं अंतर.

"मावशी," सानिका म्हणाली, "हा ब्रेकफास्ट आहे. अपेंडिक्स नाही."

मग शिकवणी सुरू झाली. उन्हाळ्यातल्या सकाळचं टेबल म्हणजे कमी वस्तू आणि भरपूर उजेड. लिननच्या कापडाला इस्त्री करायची नाही, आत्ताच दोरीवरून काढल्यासारख्या सुरकुत्या दिसल्या पाहिजेत. सगळे कप एका जातीचे नकोत. विकतची फुलं नकोत, दारातली एखादी फांदी पाण्यात ठेवली की पुरे. टेबलाचा एक कोपरा मोकळा सोडायचा, नजरेला टेकायला जागा हवी. आणि काहीतरी एक वाकडं पाहिजे. खुर्ची थोडी मागे ओढलेली, रुमाल सैल पडलेला, म्हणजे आत्ताच कोणीतरी खाऊन उठलंय असं वाटतं. सरलाताईंना सरळ मांडण्यापेक्षा वाकडं मांडणं जड गेलं. त्यांनी घरी सराव केला. आठवडाभर प्रकाशरावांना चहा टेबलाच्या भलत्याच टोकाला मिळाला. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त चहाच्या वेळी चष्मा लावून यायला लागले.

एका बाबतीत मात्र दोघींचं जमेना. टेबलावरचं सगळं अन्न खोटं होतं. लिंबं प्लास्टिकची, पावाला वॉर्निश लावलेलं, अंडी लाकडाची आणि कॉफीचं भांडं कोरडं ठणठणीत. ज्या टेबलावर खायला काही नाही त्याला ब्रेकफास्ट कसं म्हणायचं, असं सरलाताईंचं म्हणणं. खऱ्याला माश्या येतात, खरं सांडतं, खऱ्याचे डाग पडतात, हे सानिकाचं. सरलाताई "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या शनिवारपासून एकेक वस्तू गुपचूप खरी करायला लागल्या. आधी घरच्या झाडाची लिंबं. मग एक उकडलेलं अंडं. मग वाटीत मध. सानिकाला पत्ता लागला नाही. प्रकाशरावांच्या गाडीच्या डिकीत प्लास्टिकची लिंबं वाढत चालली, तेव्हा त्यांनी एकदा डिकी उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि परत लावून टाकली.

डिसेंबरच्या मध्यावर गावातल्याच ओटुमोएटाई भागातलं एक घर आलं. टेकाडावर, समोर खाडी, कुंपणाला पोहुतुकावाचं झाड लालभडक फुललेलं. विकणारा एजंट चिराग. मूळचा मुलुंडचा गुजराती, मराठी झकास बोलायचा. टोकदार बूट घालायचा आणि ते प्रत्येक दारात काढून ठेवायला लागतात याचं त्याला दर वेळी दुःख व्हायचं. घर बघायची वेळ दहा ते साडेदहा. सानिका पाच वाजल्यापासून उठून कामाला लागलेली. काचेच्या दारापाशी तिने टेबल मांडलं होतं, खाडीवरचा उजेड थेट कपांवर पडेल असं. पोहुतुकावाची एकच फांदी, फिनलंडच्या पेल्यात. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिने आपले सहा चमचे काढले होते. पोलादाचे, लहानसे, गवताच्या पात्यासारखे बारीक दांडे. असे चमचे आता कोणी बनवत नाही. एकेक करून हे सहा जुळवायला तिला चार वर्षं लागली होती.

सरलाताईंनी, सानिकाची पाठ वळल्यावर, कॉफीचं भांडं गरम कॉफीने भरलं.

दहाच्या ठोक्याला पहिली आली ती इंगर. वय चौऱ्याऐंशी, जांभळा स्वेटर, हातात काठी. त्याच रस्त्यावर तीन घरं पलीकडे राहणारी. तिचा जन्म डॅनेवर्कचा. दीडशे वर्षांपूर्वी डेन्मार्कहून जंगल तोडायला आलेल्या लोकांनी वसवलेलं ते गाव, आणि इंगर त्यांच्यातल्याच एकाची पणती. घर घ्यायचं तिच्या मनातही नव्हतं. आसपास कुठेही घर उघडं असलं की शनिवारी ती जायची, आणि कुठल्या खोलीत ओल येते ते गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगायची. चिराग तिला पाहून कसनुसा हसला. ती आत आली, टेबलापाशी थांबली, आणि तिरकी ओढून ठेवलेली ती एक खुर्ची जणू आपल्यासाठीच ठेवली आहे अशा थाटात तीत बसली.

पाठोपाठ बाकीचे आले. चौदा माणसं. त्यांनी नळ सोडून पाहिले, कपाटं उघडली, भिंतींवर टकटक केली. टेबलाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एका माणसाने आपला कागदी कॉफीचा कप निळ्या वेलीच्या बशीवर टेकवला आणि गॅरेज बघायला गेला. एका बाईने मोटारीच्या किल्ल्या कमळाच्या वाडग्यात टाकल्या. आणि चिरागने छापील माहितीपत्रकांचा गठ्ठा आणून नेमका त्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवला. सानिकाने तो उचलून ओट्यावर ठेवला. चिरागने परत टेबलावर आणला. सानिकाने एक रुमाल उगाच नीट केला आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

ते सरलाताईंनी पाहिलं. इतके दिवस जिभेपुरता असलेला खट्याळपणा त्या क्षणी हातात उतरला. पुसायला म्हणून त्यांनी एक चमचा उचलला आणि एप्रनच्या खिशात सोडला. हिशेब सरळ होता. माणूस एरवी बघत नाही, पण शोधायला लागला की बघतो. दहा मिनिटं सगळ्यांना शोधू द्यायचं, मग चमचा रुमालाखाली सापडेल. चिरागची जरा तंतरेल, तेवढाच फायदा.

त्या इंगरच्या खुर्चीशेजारी गेल्या, टेबलावर वाकून चमचे मोजले, परत मोजले, आणि सरळ उभ्या राहिल्या.

"एक चमचा कमी आहे. काउंट बरोबर येईपर्यंत कृपया कोणी बाहेर जायचं नाही."

आवाज मोठा नव्हता. पण अडतीस वर्षांत त्या आवाजाशी कोणी वाद घातला नव्हता. दाराच्या मुठीवर हात ठेवलेल्या माणसाने हात काढून घेतला. जिन्यावरची दोघं होती तिथे थांबली. इथली माणसं मुळात भिडस्त, त्यात म्हातारी बाई, त्यात तिचा चमचा हरवलेला. सगळी मुकाट्याने शोधायला लागली. रुमाल उचलले गेले. बश्या उचलल्या गेल्या. आणि बशी हातात आली की माणूस ती उलटी करून बघतोच. एक जण म्हणाला, अरे, माझ्या आजीकडे हेच कप होते. कोणीतरी फिनलंडचा पेला उजेडात धरला. सानिकाचा चेहरा आधी पांढरा पडला होता, पण मग कोणी तिला विचारलं की ही वेल हाताने काढतात का, आणि ती सांगायला लागली, आणि सांगतच राहिली. किल्ल्यावाल्या बाईला वाडग्यात आपल्याच किल्ल्या सापडल्या. तिने त्या हळूच काढून घेतल्या आणि वाडगा बाहीने पुसला. कागदी कपवाला आपला कप घेऊन गुपचूप कचऱ्याच्या डब्याकडे गेला. चिराग टाय सावरत टेबलाखाली रांगत होता आणि त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

सरलाताईंना इतकं समाधान कित्येक वर्षांत झालं नव्हतं. आता पुरे, असं म्हणून त्यांनी खिशात हात घातला.

खिशात एक टिश्यू होता. एक प्लास्टिकचं लिंबू होतं. चमचा नव्हता.

त्यांनी दुसरा खिसा पाहिला. एप्रन झटकला. शिवण चाचपली, कुठे भोक नव्हतं. सानिकाचे चार वर्षांचे सहा चमचे, त्यातला एक आपण मजेखातर उचलला आणि आता तो खरोखरच नाही. अडतीस वर्षांत त्यांचा काउंट शेवटी जुळला नाही असं एकदाही झालं नव्हतं. आता त्या मनापासून शोधायला लागल्या. गुडघ्यांवर बसल्या, गालिचा उलटला, कचऱ्याच्या डब्यात हात घातला. शेवटी काही सुचेना तेव्हा त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं राहून पाय उचलायला सांगितले, आणि चौदा माणसांनी, बूट दारात काढलेले असतानाही, एकेक करून आपल्या मोज्यांचे तळवे दाखवले.

तेवढ्यात किणकिण ऐकू आली.

इंगर कॉफी ढवळत होती. तिने कपात कॉफी ओतून घेतली होती, अंडं फोडून अर्धं खाल्लं होतं, आणि चमचा सावकाश गोल गोल फिरवत होती.

"मध विरघळायला वेळ लागतो," ती म्हणाली. मग मान वर करून तिने सगळ्यांकडे पाहिलं. "हा शोधताय का तुम्ही?"

गिऱ्हाइकं खो-खो हसली. इंगरने सरलाताईंकडे नुसती एक नजर टाकली आणि उरलेलं अंडं संपवलं. तेव्हा सरलाताईंना उमगलं. चमचे मोजायला त्या वाकल्या होत्या तेव्हा एप्रनचा खिसा बरोबर या बाईच्या नाकासमोर आला होता.

लोक जायला अकरा वाजत आले. दोघांनी सानिकाचं कार्ड मागून घेतलं. सानिकाच्या गालांवर रंग चढला होता. इंगर काठी टेकत घरी गेली, आणि ती गेल्यावर चिरागने बूट घालता घालता सांगितलं, की या म्हातारीचं डोकं आता ठिकाणावर नाही, चमचा हातात घेऊन बसली आणि तिला पत्ता नाही. पुढच्या शनिवारपासून तिला दारातूनच परत पाठवायचं. शिवाय तिच्या मुलीचा नंबर मिळवून तिला कळवायला हवं, अशी माणसं एकटी राहणं बरं नाही.

सरलाताई बश्या गुंडाळत होत्या. गप्प राहिल्या असत्या तर कोणालाच कळलं नसतं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"चमचा मी लपवला होता," त्या म्हणाल्या. "तिने माझ्या खिशातून काढला. तिचं डोकं अगदी ठिकाणावर आहे."

चिराग आधी हसला. मग सानिकाकडे बघून थांबला.

"का?" सानिकाने विचारलं.

"कोणी बघत नव्हतं म्हणून."

"म्हणजे माझं टेबल बघायला लोकांना अडवून ठेवावं लागतं."

असं सरलाताईंच्या मनात नव्हतं, पण झालं होतं तसंच. सानिकाने कॉफीच्या भांड्याचं झाकण उघडून आत पाहिलं, लिंबू नखाने टोकरलं, वास घेतला. लिननवर पिवळ्या बलकाचा डाग पडला होता, त्यावरून तिने बोट फिरवलं. मग सहाही चमचे स्वतः मोजून डब्यात ठेवले. खोकी तिने एकटीने गाडीत नेली. सरलाताई एक उचलायला गेल्या तेव्हा, "राहू दे, मावशी," एवढंच म्हणाली.

ते घर पुढच्या मंगळवारी विकलं गेलं. घेणारा ऑकलंडचा. त्याने घर फक्त फोनवर पाहिलं होतं आणि एकच प्रश्न विचारला होता, की गॅरेजमध्ये बोट मावेल का. हे चिरागने प्रकाशरावांना सुपरमार्केटमध्ये सांगितलं आणि प्रकाशरावांनी घरी येऊन सरलाताईंना. पुढच्या शनिवारी सानिकाचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. नाताळ आला तसा गेला. सरलाताई सकाळी उठून स्वतःच्या टेबलावर बश्या मांडायच्या, त्या सरळ आहेत का वाकड्या याचाही त्यांना उत्साह राहिला नव्हता. बँकेत मॅनेजर अर्धा तास बोलला तरी जीभ जागच्या जागी राहिली. प्रकाशरावांना काळजी वाटली ती तेव्हा. त्यांनी झाडाची लिंबं तोडून पिशवीत भरली, पिशवी बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, की त्या डॅनेवर्कच्या बाईंना तरी जाऊन भेट.

इंगरने दार उघडलं आणि लिंबांची पिशवी घेतली. म्हणाली, मला वाटलं तू आणखी लवकर येशील. सरलाताई माफी मागायला लागल्या तर तिने हात हलवून ती उडवून लावली.

"चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय मी," ती म्हणाली. "खिशात काय लपवलंय ते मला चेहऱ्यावरून कळतं. आणि तुझा चेहरा, बाई, फार बोलतो. आजवर कोणाच्या लक्षात कसा आला नाही?"

सरलाताईंनी तिला मास्कची गोष्ट सांगितली. जिभेसकट. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितली. इंगर इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग ती त्यांना चहाला आत घेऊन गेली. तिने स्वतःसाठी पेट्रोल पंपावर फुकट मिळालेला मग काढला. सरलाताईंनी सहज विचारलं, की तुमच्या माणसांचे ते निळ्या वेलीचे कप तुमच्याकडे नाहीत का. इंगरने बोटाने दिवाणखान्यातलं कपाट दाखवलं. खालच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेले बारा कप, बारा बश्या, एक कॉफीचं भांडं, तिच्या आईचं. वर्तमानपत्रावरची तारीख सदतीस वर्षांपूर्वीची. चांगल्या पाहुण्यांसाठी ठेवलेत, असं ती म्हणाली. मग थोडं थांबून तिने सांगितलं, की चांगले पाहुणे आता बरेचसे मेले.

सरलाताईंनी बाह्या वर केल्या, बाराच्या बारा कप धुऊन फडक्यावर पालथे घातले, आणि धुता धुता सानिकाबद्दल सगळं सांगून टाकलं. इंगरने ऐकून घेतलं. तिने सानिकाचा फोन नंबर मागितला आणि तिथल्या तिथे फिरवला. घर विकायचा विचार आहे, सजवणारं चांगलं कोणी हवं, असं तिने फोनवर इतक्या थकलेल्या आवाजात सांगितलं की सरलाताईसुद्धा क्षणभर फसल्या.

जानेवारीचा पहिला शनिवार. सकाळी आठ वाजता सानिका वही आणि मोजपट्टी घेऊन आली. इंगर तिला घरातून थेट मागच्या व्हरांड्यात घेऊन गेली. तिथे टेबल मांडलेलं होतं. तीन निळे कप, तीन बश्या, पाव, लोणी, मध, कापडाखाली झाकलेली गरम अंडी. सगळ्या मुठी उजवीकडे, मध्ये दोन बोटं अंतर. आणि टेबलापाशी सरलाताई, हात बांधून, शिक्षा झालेल्या पोरीसारख्या उभ्या.

सानिका दारात थांबली. काय झालंय ते तिला कळलं, आणि परत फिरावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं.

"चूक माझी होती," सरलाताई म्हणाल्या. "तुझं टेबल चांगलं होतं. लोक घाईत होते, एवढंच. मला धीर धरवला नाही."

खालच्या रस्त्याने कोणी सायकलवरून गेलं, त्याची घंटी वाजली. इंगर खुर्चीत बसून पावाला लोणी लावत होती, जणू इथे काही चाललेलंच नाही. मग सानिकाने वही बगलेत धरली, पुढे झाली, आणि एक कप जरासा फिरवला. एक बशी चार बोटं पुढे सरकवली. मधली लोण्याची वाटी उचलून कडेला नेली. रुमालाची घडी मोडली. दोन पावलं मागे जाऊन बघितलं, परत येऊन खुर्ची तिरकी ओढली, आणि त्याच खुर्चीत बसली.

इंगरने तिला विचारलं, अंडं किती मिनिटांचं आवडतं.

सानिकाला सांगता येईना. ती म्हणाली, की शनिवारी सकाळी आपण कधी काही खातच नाही, पाचला काळी कॉफी पिऊन निघतो. दोन वर्षांत निदान शंभर टेबलं मांडली असतील, एकावरही बसले नाही. हे बोलताना तिला ते स्वतःलाच नवं वाटलं असावं, कारण ती मध्येच थांबली. सरलाताईंनी तिच्यापुढे एक अंडं ठेवलं. मग दुसरं. सानिकाने लोणी आणि मध लावून पावाचे तीन तुकडे खाल्ले. बलकाचा थेंब लिननवर सांडला. तिने तो पाहिला आणि चौथा तुकडा उचलला.

खाणं चालू असतानाच तिने विचारलं, की घर खरंच विकायचंय का. इंगर म्हणाली, हो, मी मेले की लगेच. तेव्हा सानिका हसली. सरलाताईंनी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. पुढचा एक दात जरा आडवा होता, म्हणून ती ओठ मिटून राहायची की काय कोण जाणे.

कॉफीचा दुसरा कप ओतला जात होता तेव्हा सानिकाचा फोन वाजला. चिराग. इंगरबाईंचं घर विकायला निघतंय असं रस्त्यात कोणीतरी बोललं, ते खरं का, आणि खरं असेल तर त्याला सगळ्यांत आधी कळवायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं. सानिकाने फोन हाताने झाकून दोघींना सांगितलं. तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग इंगरने हात पुढे करून फोन मागितला, घसा साफ केला, आणि त्याच थकलेल्या आवाजात म्हणाली, की हो बाळा, किंमत काढायला आत्ताच ये, आणि येताना पाव आण, आमचा संपत आलाय.

सरलाताई उठल्या आणि कपाटातून चौथा कप आणायला गेल्या.